चावीच्या फोनोपासून गॅरार्डपर्यंत : सीमाभागातल्या एका घराची गोष्ट

गणपतीचे दिवस जवळ आले, की आमच्या निपाणीच्या जुन्या घरात आरास मांडण्याआधी एक काम ठरलेले असते. माडीवरची सागवानी पेटी खाली आणायची, तिच्यातल्या प्लेटी एकेक करून कोरड्या मऊ फडक्याने पुसायच्या आणि सोप्यातल्या टर्नटेबलवरचे झाकण काढून त्याला अर्धा तास नुसतेच फिरू द्यायचे. यंत्राला अंग मोकळे करायला तेवढा वेळ लागतो, असे वडील सांगत. आम्ही भावंडे आता बेळगाव, निपाणी आणि पुणे अशी तीन गावी विखुरलो आहोत. पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी हे काम करायला तिघेही हजर असतो. या यंत्राची, त्यावर वाजणाऱ्या प्लेटींची आणि त्या निमित्ताने आपल्या भागाची हकिकत स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावी, असे फार दिवस मनात होते.

फोनो आला तेव्हा

हिंदुस्थानात तबकडीवर गाणे उतरवायला १९०२ साली सुरुवात झाली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याच्यासमोर गौहरजान गायल्या. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला प्लेटी छापण्याचा कारखाना निघाला, पुढे तो डमडमला गेला. तोवर प्लेटी परदेशात छापून आगबोटीने येत. गंमत अशी, की त्या प्लेटींचा मुख्य माल आपल्याच देशातून जाई. पळस, बोर, कुसुंब या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी लाख, तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी घालून ती काळी थाळी तयार होई. दगडाच्या पुडीमुळे प्लेट टिकाऊ होई, पण पोलादी पिन झिजून जाई. म्हणून प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची शिस्त होती. आजोबांच्या फोनोच्या कोपऱ्यात जुन्या पिना टाकायची एक वाटी होती. ती वाटी आज आमच्या देव्हाऱ्यात अक्षतांसाठी वापरतात.

बेळगाव भागाला गाण्याची आणि नाटकाची ओढ फोनो येण्याआधीपासूनची. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल बेळगावच्या शाळेत त्यांच्या हाताखाली शिकले. १९०५ साली लोकमान्यांच्या प्रेरणेने बेळगावच्या झेंडा चौकात सार्वजनिक गणपती बसू लागला आणि मेळे, कीर्तने, गाणी यांना हक्काचे व्यासपीठ मिळाले. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताच्या गाण्यात अकरा वर्षांची एक मुलगी होती. त्याच गंगूबाई हनगल पुढे १९३२ साली मुंबईला जाऊन एचएमव्हीसाठी गायल्या. त्या सुरुवातीच्या प्लेटींवर त्यांचे नाव 'गांधारी' असे छापलेले आहे.

आमच्या आजोबांचा निपाणीत तंबाखूचा व्यवहार होता. हंगाम चांगला गेला की घरात दोन वस्तू यायच्या : आजीसाठी इरकली लुगडे आणि आजोबांसाठी प्लेटी. चावीचा फोनो अंगणात मांडला, की गल्लीतली माणसे न बोलावता जमत. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. तेवढ्यात गवयाने आलाप, बोल, ताना सगळे बसवायचे. रात्रभर रंगणारा राग त्या एवढ्याशा वेळात मांडताना मोठमोठ्यांची कसोटी लागली. पण त्या तीन मिनिटांनी या मुलखात काय काय घडवले, हे पाहण्यासारखे आहे.

बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा प्लेटी ऐकून थोर गवयांची गाणी हुबेहूब म्हणून दाखवू लागला. लोकांनी त्याला कुमार गंधर्व म्हटले. गदगकडच्या जोशी मास्तरांचा भीमसेन अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ठुमरीची प्लेट ऐकून असा झपाटला, की गुरूच्या शोधात घर सोडून गेला. त्या खाँसाहेबांचे मिरज निपाणीहून किती दूर? प्लेट नसती तर मिरजेचा सूर गदगच्या पोराच्या कानी इतक्या लहान वयात पडला असता का, याचा विचार आम्ही नेहमी करतो. बेळगावात तर पेटीवादक रामभाऊ विजापुरे यांच्यासारखी माणसे होती, ज्यांनी आयुष्यभर या परंपरेला साथ दिली. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते आणि त्यांच्या 'गणगोत'मधले रावसाहेब बेळगावचेच, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. गाण्यावर असा जीव टाकणारी माणसे आमच्याही गल्लीत होती. फरक इतकाच, की त्यांना पु. ल. भेटले नाहीत.

आजोबांच्या पेटीत सुमारे नव्वद प्लेटी होत्या. त्यांतल्या तिसरा हिस्सा कानडी. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर आणि पुण्या-मुंबईचे नाटकवाले यांना एकाच खणात जागा. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला भाग म्हैसूर राज्यात गेला. दप्तरे बदलली, पाट्या बदलल्या आणि त्यानंतरच्या गोष्टी आपण सगळ्यांनी सोसलेल्याच आहेत. त्या पेटीतल्या प्लेटींचा क्रम मात्र आजोबांनी बदलला नाही.

गॅरार्ड घरात आले

अमेरिकेत १९४८ साली एलपी निघाली. लाखेऐवजी प्लॅस्टिक, मिनिटाला ७८ ऐवजी ३३ फेरे, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे गाणे. आपल्याकडे साठच्या दशकात एलपी आणि छोट्या ईपी घरोघर दिसू लागल्या. सत्तरीच्या सुमारास ७८ च्या प्लेटी छापणे बंद झाले. एचएमव्हीचा फिएस्टा किंवा फिलिप्सचा सुटकेससारखा प्लेअर म्हणजे मध्यमवर्गीय घराची शान होती. लग्नात, बारशाला तो शेजाऱ्यांकडून मागून आणायचा आणि परत देताना सोबत कुंद्याची वाटी द्यायची, अशी आमच्याकडे रीत होती.

वडिलांना मात्र दुसरेच वेड लागले. १९६८ साली बेळगावच्या कँपातले एक बिऱ्हाड विलायतेला कायमचे निघाले, तेव्हा त्यांच्या सामानातले एक यंत्र वडिलांनी विकत घेतले. त्या काळी परदेशी वस्तू आयात करणे जवळजवळ अशक्य होते, त्यामुळे असे सामान हातोहात जाई. ते यंत्र म्हणजे गॅरार्ड ३०१.

गॅरार्ड हे नाव मुळात इंग्लंडच्या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांचे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, सैन्यासाठी तोफांचा पल्ला मोजण्याची उपकरणे करायला त्यांनी कारखाना काढला. युद्ध संपल्यावर तोच कारखाना स्विंडन गावी जाऊन चावीच्या फोनोच्या मोटारी बनवू लागला. १९५४ साली त्यांनी ३०१ आणले. बीबीसीच्या स्टुडिओंत ते वापरात होते, यावरून त्याची योग्यता कळेल. मोटारीच्या दांड्यावर एक पायऱ्यांची कप्पी, तिला टेकलेले रबरी चाक, आणि ते चाक जड ओतीव थाळीला आतून घासून फिरवते, अशी ही साधी पण दणकट रचना. वेग तीन : ३३, ४५ आणि ७८. शिवाय वेग थोडा कमी-जास्त करायला एक खुंटी. ही खुंटी आमच्या गोष्टीत पुढे येणार आहे.

कंपनी फक्त फिरणारे यंत्र विकत असे. सुईचा हात आणि खालची लाकडी बैठक ज्याची त्याने करायची. वडिलांनी प्लायवूडचा खोका करून घेतला, मिळाला तो हात बसवला आणि एका जुन्या रेडिओला जोडून गाणे सुरू केले. आईने त्या वर्षीचा दिवाळीचा खर्च निम्म्यावर आणला, हेही इथे नोंदवले पाहिजे.

विजेचा सूर

यंत्र उत्तम, पण वीज आपल्या गावची. थाळीचा वेग मोटारीवर आणि मोटारीचा वेग विजेच्या आवर्तनांवर ठरतो. ती सेकंदाला ५० हवीत. ऐंशी-नव्वदच्या दशकांत, मागणी वाढली की दक्षिणेच्या जाळ्यात ती बरीच खाली घसरत. संध्याकाळी लावलेला अभंग जड, किंचित खालच्या सुरात वाजे आणि तोच पहाटे लावला तर टवटवीत. आम्ही म्हणायचो, बुवा पहाटे रियाझ करून बसतात.

वेग तपासायला काळ्या-पांढऱ्या रेघांची एक चकती मिळते. विजेच्या दिव्याखाली त्या रेघा स्थिर दिसल्या म्हणजे वेग बरोबर. ७८ साठी ७७ रेघा असतात. पण दिवाही त्याच विजेवर चालतो. आवर्तने घसरली की मोटार हळू होते आणि दिव्याची लुकलुकही तेवढीच हळू होते. मग रेघा स्थिर दिसतात आणि गाणे मात्र उतरलेले असते. खोटा साक्षीदार तो! वडील चकतीवर विश्वास ठेवत आणि आई कानावर. भांडण व्हायचे, आणि आईचे खरे निघायचे.

याहून मोठी गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. महाराष्ट्राचे विजेचे जाळे पश्चिमेचे आणि कर्नाटकाचे दक्षिणेचे. ही दोन जाळी एका तालात चालत नव्हती. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही मोठी वाहिनी सुरू झाली, तेव्हा दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी एकतालात आले. म्हणजे तोपर्यंत कोल्हापुरात आत्याकडे आणि चाळीस किलोमीटरवर निपाणीत आमच्याकडे तीच प्लेट तसल्याच यंत्रावर लावली असती, तर ती एकाच सुरात वाजेल याची खात्री नव्हती. सीमा नकाशावर असते, शाळेच्या पुस्तकात असते, एसटीच्या पाटीवर असते, हे आपण जाणतो. ती गाण्याच्या सुरातही होती, हे कळले तेव्हा आम्ही तिघेही थोडा वेळ गप्प बसलो.

एकेक सुधारणा

कॅसेट आली, मग सीडी आली. गॅरार्ड वीस वर्षे चादरीखाली झाकलेले राहिले. वडील गेल्यावर आम्ही ते उघडले, तेव्हा रबरी चाक एका जागी टेकून टेकून चपटे झाले होते आणि थाळी फिरताना धडधड ऐकू येई. तिथून सुधारणांचा प्रवास सुरू झाला. त्याला आता बारा वर्षे झाली.

चाक आम्ही बेळगावच्या उद्यमबागेत नेले. ओतकाम आणि लेथकाम यांत बेळगावचा हात धरणारे थोडे. ज्या गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, त्या गावात हे आश्चर्य नाही. तिथल्या टर्नरमामांनी चाक उलटसुलट पाहिले आणि विचारले, "पंपाचं काय वो हे?" गाण्याच्या यंत्राचे म्हटल्यावर ते हसले. नव्या रबराला गोल घासून आणि मधल्या छिद्राला पितळी बुश करून दिल्यावर पैसे मात्र घेतले नाहीत. म्हणाले, "एकदा ऐकवा की मग." पुढच्या गणपतीत ते आले, मन्सूरांची कानडी वचने ऐकली आणि जाताना चाकाला कान लावून समाधान करून घेतले.

बैठक सागाची केली. जड बैठकीने मोटारीची थरथर सुईपर्यंत पोचत नाही. सुतारकाकांनी तिला चपडा लाखेचे पॉलिश दिले. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून ते कापसाच्या बोळ्याने चढवत असताना आम्ही शेजारी बसून दुसऱ्या बोळ्याने, त्याच बाटलीतल्या स्पिरिटने, एक जुनी प्लेट पुसायला घेतली. बोळा काळा झाला. मळ निघतो आहे म्हणून आम्ही आणखी जोर लावला. सुतारकाकांनी हात धरला : "अहो, लाख आहे ना ती? गाणं पुसताय तुम्ही!" प्लेटीच्या कडेचा अर्धा इंच भाग कायमचा गेला. चूक सर्वस्वी आमची. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर ७८ च्या प्लेटी असतील तर एवढे ध्यानात ठेवावे : स्पिरिट, सॅनिटायझर, अल्कोहोल यांतले काही त्यांना लावू नये.

हात इंग्लंडच्या एसएमई कंपनीचा, जुना, भाच्याने मिळवून दिला. याच कंपनीबद्दल एक सुखद माहिती : २०१६ साली ती पुण्याचे उद्योजक अजय शिर्के यांच्या कॅडेन्स समूहाकडे आली, आणि पुढे २०१८ साली गॅरार्डचे नावही त्यांच्याकडे आले. ज्या यंत्रासाठी वडिलांनी कँपातल्या बिऱ्हाडाच्या दारात दोन दिवस फेऱ्या मारल्या, त्याचे नाव आज एका मराठी माणसाच्या हाती आहे, हे ऐकायला ते असायला हवे होते.

सर्वात मोठा फरक पडला तो सुईने. एलपीची खाच बारीक आणि ७८ ची जवळपास तिप्पट रुंद. एका महानगरातल्या दुकानाने आम्हाला "एकच सुई दोन्हीला चालते" म्हणून दिली होती. ती बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी, ऐंशी वर्षांच्या धुळीत लोळत जाई आणि आम्हाला खरखरीशिवाय काही ऐकू येत नसे. प्लेटी संपल्या, असेच आम्ही धरून चाललो होतो. मग शूअरची खास ७८ ची सुई मिळाली. २०१८ साली शूअरने ते काम थांबवले, तेव्हा डेन्मार्कच्या ऑर्टोफोनची घेतली. चार-पाच ग्रॅम वजनाने ती खाचेच्या दोन्ही भिंतींना टेकते. जुन्या फोनोच्या डोक्याचे वजन शंभर ग्रॅमच्या वर असे, हे लक्षात घेतले तर प्लेटीला केवढा आराम मिळतो हे समजेल. रुंद सुई लागली आणि पेटी, तबला, गवयाने मध्येच घेतलेला श्वास, सारे खोलीत आले. प्लेटी संपल्या नव्हत्या. आम्हीच चुकीच्या जागी ऐकत होतो.

मोडीतली ओळ

तरीही एक प्लेट नीट वाजेना. नाट्यपदाची, कसरीने लेबल खाल्लेली, नाव गेलेली. आवाज स्वच्छ, पण गाणे घाईचे आणि चिरके वाटे. वडीलही तिला वाईट प्लेट म्हणून शेवटी ठेवत. तिच्या कागदी पाकिटावर आजोबांच्या हातची पेन्सिलीची एक ओळ होती, मोडीत. घरात कुणालाच मोडी येत नाही. अशा ओळी आणखी पंधरा-वीस पाकिटांवर आहेत. किंमत किंवा तारीख असेल, म्हणून आम्ही आयुष्यभर त्या बघून सोडून दिल्या होत्या.

तीन वर्षांपूर्वी गौरीच्या जेवणाला महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध स्नेही आले होते. त्यांनी चष्मा पुसला, पाकीट उजेडात धरले आणि सहज वाचले : "ही प्लेट सावकाश लावावी. पेटीची काळी दोन."

जुन्या काळी सगळ्या प्लेटी नेमक्या ७८ ने उतरवलेल्या नसत. कुठे पंच्याहत्तर, कुठे त्याहून कमी. चावीच्या फोनोला वेगाची तरफ असे आणि आजोबा कानाने वेग लावत. आम्ही घरची पेटी काढली. ७८ वर त्या गाण्याचा षड्ज काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्येच कुठेतरी लटकत होता, पेटीवर नसलेल्या जागी. गॅरार्डची ती खुंटी आम्ही हळूहळू कमीच्या बाजूला, जवळजवळ शेवटपर्यंत फिरवली. सूर काळी दोनवर येऊन बसला. घाई गेली, चिरकेपणा गेला. एक भरदार, निवांत आवाज सोप्यात उभा राहिला. सगळ्या पेट्या तंतोतंत एकाच सुराच्या नसतात, तेव्हा हे माप काट्यावरचे नव्हे, हे मान्य. पण गाणे आता माणसाचे वाटत होते. वडिलांनी पंचेचाळीस वर्षे जी प्लेट वाईट म्हणून बाजूला ठेवली, ती चांगली होती, आणि ते त्यांना सांगणारी ओळ तेवढी वर्षे त्यांच्याच हातात होती.

विकायचे की ठेवायचे

गॅरार्ड ३०१ ला आज परदेशात मोठी किंमत येते. निपाणीचे घर जुने झाले आहे, कौले दर वर्षी फेरावी लागतात. थोरल्या भावाचे म्हणणे, यंत्र विकावे आणि घर दुरुस्त करावे. गाणी मोबाईलवर मिळतात. त्यात चूक काही नाही. दोन वर्षे आमच्यात यावर बोलणे चालले होते, कधी शब्दाला शब्दही लागला. त्या गौरीच्या दिवशी ती प्लेट संपली, तेव्हा तो उठला आणि त्याने स्वतःच ती पुन्हा लावली. विकण्याचा विषय त्यानंतर त्याने काढलेला नाही. कौलांसाठी आम्ही तिघांनी वर्गणी काढली.

आता पुण्यातली पुतणी मोडी शिकते आहे. उरलेल्या पाकिटांपैकी सात वाचून झाली. दोन खरोखरच किमती निघाल्या, एक उधारीची नोंद, आणि बाकीच्यांवर सूर आहेत. जीर्ण पाकिटांच्या जागी तिने नवी कागदी पाकिटे केली, जुनी जपून आत ठेवली आणि नव्यांवर देवनागरीत आजोबांची ओळ उतरवून खाली आपली एक ओळ लिहिली. सुई कोणती, खुंटी कुठवर, वीज कशी होती, ते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर अशा प्लेटी असतील. त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. ऊन आणि ओल यांपासून जपा. आणि भंगारवाल्याला हाक मारण्याआधी पाकिटांवर काही लिहिले आहे का, तेवढे पाहा. वाचता येत नसेल तर वाचणारे अजून आपल्यात आहेत. यंदा गौरीच्या दुपारी आमच्याकडे ती प्लेट लागेल. निपाणीत असाल तर जरूर या.